सव्वा महिना भरलेली टाकी

"बाई, वाळू मेली," हिराजी म्हणाला.

कोपरापर्यंत हात टाकीत घालून त्याने तळाची मूठभर वाळू वर काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. काळी पडली होती. वास सडक्या अंड्यासारखा. कॉलेज चार दिवसांनी उघडलं होतं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. हरताळ पडला, त्यावर कर्फ्यू आला, आणि मी गिरगावात आमच्या चाळीत अडकून पडले. ट्राम नाही, बस नाही. दादरला कॉलेजात चालत जाते म्हटलं तर आईने चपलाच लपवून ठेवल्या. इकडे हेडक्लार्कने बिल्डिंग बंद करताना नियमाप्रमाणे मेन स्विच ऑफ केला, आणि टाकीला हवा देणारा पंप बंद पडला.

मी त्या कॉलेजात झूऑलॉजीची डेमॉन्स्ट्रेटर होते. नवीन, प्रोबेशनवर. हिराजी माहीमच्या कोळीवाड्यातला, साठीला आलेला. होडी भावाकडे गेल्यापासून तो आम्हाला प्रॅक्टिकलसाठी खेकडे, कालवं, स्टारफिश आणून द्यायचा. नोकरी अशी नव्हतीच. पण आमचे हेड टिपणीस सर यांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "युनिव्हर्सिटीची कमिटी येणार आहे. तिला समुद्राची जिवंत टाकी दाखवली की कलेक्टरची, म्हणजे प्राणी गोळा करून आणणाऱ्याची, कायम पोस्ट मंजूर होईल. ती तुझी." त्याच्या बायकोने ही बातमी अख्ख्या कोळीवाड्यात केव्हाच सांगून टाकली होती.

आता टाकीचं थोडं सांगते. खाऱ्या पाण्याची नवी टाकी भरली आणि सोडले मासे, असं चालत नाही. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो माशाला विषच. समुद्र एवढा मोठा, तिथे तो कुठल्या कुठे विरतो, पण टाकीत जाणार कुठे? तो खाऊन संपवणारे जंतू असतात. ते वाळूत वस्ती करतात, पण सावकाश, आणि त्यांना सतत हवा लागते. म्हणून आधी नुसती कोळंबीची डोकी टाकायची, पंप चालू ठेवायचा आणि पाच-सहा आठवडे गप्प बसायचं. लोणचं मुरावं लागतं तसं हे पाणी मुरावं लागतं.

लॅबमध्ये आम्ही याला टाकीचं बाळंतपण म्हणायचो. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, तसा सव्वा महिना टाकीत मासा नाही. ही चेष्टा माझीच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. ती इतकी अंगवळणी पडली की पाण्याकडे बघायचं सोडून सगळे फुल्याच बघायला लागले. हरताळाच्या चार दिवसांच्या फुल्यासुद्धा मी परत आल्यावर एका दमात मारून टाकल्या. खरं तर हवा बंद पडली तेव्हाच वाळूतले जंतू मेले होते. म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

मी सरांकडे गेले.

"सर, पंप बंद होता. टाकी पहिल्यापासून लावावी लागेल."

"सव्वा महिना कधी भरतोय?"

"अजून नऊ दिवसांनी, सोमवारी. पण सर, आता त्या दिवसांना काही अर्थ नाही."

"कमिटी त्याच आठवड्यात बुधवारी येतेय. पाणी थोडं बदला, पंप चालू करा, होईल ठीक." मग चष्मा पुसत म्हणाले, "मिस कर्णिक, तुमच्या कन्फर्मेशनचा कागद माझ्याच टेबलावर आहे, बरं का."

मी काळी वाळू काढली, वरळीहून हातगाडीवर नवं पाणी आणवलं, पंप लावला. सोमवारपर्यंत नऊ दिवस होते. नऊ दिवसांत काय डोंबल होणार?

हिराजीने टाकीसाठी समुद्रघोडे जमवले होते. सात. जाळ्यात चुकून एखादा सापडायचा, तो जपून काढायचा आणि खडकाच्या आड पाण्यात बांधलेल्या करंडीत ठेवायचा. महिनाभर त्याने ते असे सांभाळले होते. त्यातल्या एका नराच्या पोटाची पिशवी भरलेली होती. समुद्रघोड्यात पिल्लं नर वागवतो. हिराजीला त्याचं भारी कौतुक. "आमच्यात बायकांना हे सांगायची सोय नाय," म्हणायचा.

सोमवारी सकाळी तो आला. बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

"पानी कच्चं हाय, बाई. घोडे नको यात. खेकडे सोडा, चिखलातले निवटे सोडा, ते काय बी सोसतात. कमिटीला तेच दाखवा."

"आणि तुमची पोस्ट?"

"पोस्टचं मग बघू." मग म्हणाला, "तुमी शिकलेल्या. तुमच्या त्या बाटलीतल्या औषधानं बघा. तुमी हो बोललात तर आनतो."

मी परीक्षानळीत टाकीचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी चांगलं मुरलं असलं तर रंग बदलत नाही. अमोनिया असला तर पिवळं होतं. ते हळदीसारखं पिवळं झालं.

हिराजी दारात उभा होता. माझी पाठ त्याच्याकडे होती. मी नळी धुऊन टाकली आणि म्हटलं, "चालेल, हिराजी. आणा."

का म्हटलं? दोन दिवसांचा प्रश्न आहे, निभावून जाईल, त्याचीही पोस्ट होईल, अशी मी मनाची समजूत घातली. पण खरं कारण सरांच्या टेबलावरचा तो कागद. बाकी सगळ्या सबबी.

संध्याकाळी घोडे टाकीत गेले. मंगळवारी दोन मेले. बुधवारी सकाळी पाच मेलेले होते आणि उरलेले दोन तळाशी आडवे पडून धापा टाकत होते. पिशवीवाला नर मेलेल्यांत होता.

कमिटी अकराला आली. हिराजी धुतलेला सदरा आणि नवी टोपी घालून दाराशी उभा. सरांनी टाकीकडे हात केला आणि इंग्रजीत म्हणाले, "आमचा माणूस अनट्रेंड आहे. आणताना हाताळणी नीट झाली नाही." कमिटीतल्या एकाने मान हलवली आणि कागदावर काही लिहिलं. मी स्लाइड्सचा ट्रे धरून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. हिराजीला इंग्रजी येत नव्हतं, पण सगळे वळून त्याच्याच हातांकडे बघायला लागले तेवढं त्याला पुरलं. मी तोंड उघडलं नाही. आजही त्या उभं राहण्याची लाज वाटते.

ट्रेंड माणूस मिळेपर्यंत पोस्ट तहकूब झाली. हिराजी कॉलेजात यायचा बंद झाला. महिनाअखेर माझं कन्फर्मेशन झालं, आईने पेढे वाटले.

सात महिन्यांनी मी माहीमला गेले. रोज उद्यावर ढकलत होते. हिराजी ओट्यावर नुसता बसला होता. आतून त्याची बायको म्हणाली, "आता जित्या मासळीला हात लावत नाय तो. भावाच्या होडीवर पन जात नाय. बोलतो, माझ्या हाताला कायतरी लागलंय."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "हिराजी, पाणी खराब होतं. सोमवारी औषधाने पिवळं झालं होतं. मला माहीत होतं, तरी मी हो म्हटलं."

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"म्हंजे माझ्या हातानं नाय गेले?"

"नाही."

त्याने आत तोंड करून बायकोला हाक मारली. "आयकलास? हातानं नाय गेले. बाईंना चाय कर."

पुढे तीस वर्षं शिकवलं. टाकी लावायचं प्रॅक्टिकल आलं की मुलांना सांगायचे, चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. सात महिने उशीर केलात तर समोरचा माणूस चहा पाजतो, आणि तो चहा घशाखाली उतरत नाही.