खुरचन मामांच्या सहा गाड्या

कोरी करकरीत, रंग नुकताच वाळलेली गाडी समोर उभी असली की माणसं तिच्याभोवती कौतुकानं फिरतात. खुरचन मामा खिशातून पातं काढत. करवतीच्या तुटक्या पात्याला एका बाजूनं काळी टेप गुंडाळून केलेलं ते हत्यार कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी असे. केबिनच्या टपावर चढून, एरियलची बैठक जिथे बसायची तिथला रुपयाएवढा रंग ते खरवडून काढत, लोखंड चमकलं की त्यावर बोट फिरवत आणि मगच पुढच्या कामाला लागत. रंगकाम खात्याचे मिस्त्री पांडेजी खालून म्हणत, “दादा, हम दुल्हन सजाके भेजते हैं, आप उसकी नाक पे खरोंच मार देते हो.” खुरचन, म्हणजे खरवड, हे नाव असं हिंदीवाल्यांनी दिलं, मामा आम्ही मराठी लोकांनी जोडलं. खरं नाव हजेरीपटावरच राहिलं.

जबलपूरजवळ रांझीच्या आमच्या कारखान्यात ट्रक तयार होत. त्यातल्या काहींत वायरलेस संच असे, आणि त्याचं एरियल नि केबल बसवणं हे मामांचं काम. मी डिप्लोमा करून थेट त्यांची सुपरवायझर म्हणून रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते, त्या विभागातली पहिली बाई, आणि स्वतःला बरंच काही समजत होते. पहिल्याच दिवशी मी मामांना एरियलची थिअरी समजावून सांगितली. त्यांनी हात मागे बांधून सगळी ऐकली आणि म्हणाले, “अच्छा. म्हणजे अर्धं एरियल काठी अन् अर्धं एरियल गाडी, असंच नं बाई?” दहा मिनिटं मी जे सांगत होते ते तेवढंच होतं. काठी गाडीच्या लोखंडाला लागली पाहिजे; मध्ये रंगाचा पापुद्रा राहिला तर आवाज जवळ पोचतो, लांब पोचत नाही. खरवडण्यामागचं कारण एवढंच.

चारचौघांत मला ते ‘मॅडमजी’ म्हणत आणि मराठीत बोलताना ‘बाई’. त्यांचे वडील वर्ध्याकडून नोकरीसाठी आले तेव्हा वर्धा आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्यं वेगळी झाली, मामांची बोली मात्र वर्ध्याचीच राहिली.

केबल ते कधी ताणून बसवत नसत. दाराच्या फटीत चेपू द्यायची नाही, इंजिनाच्या तारांजवळून न्यायची नाही, काटकोनात मोडायची नाही. टपावरून केबिनमध्ये शिरण्याआधी तिला खाली लोंबणारा एक वळसा ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी त्या वळशाच्या तळाशी येऊन ठिबकून जातं. “पाण्याले बी उतरायले जागा पाहिजे नं बाई. आपण नाही दिली तं ते आपल्या संचात येऊन उतरते.” एकदा त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, तर दारावरच्या दिव्याची वायरही तसाच वळसा घेऊन आत शिरलेली. शेजारच्या चार क्वार्टरांचीही तशीच. मामी म्हणाल्या, “यायनंच केलं. कोणी सांगतलं नव्हतं.”

एरियल बसलं की दुसऱ्या गाडीशी बोलून पाहायचं असे. बाकी सगळे ‘एक, दो, तीन’ म्हणत. मामा विचारत, “डब्यात काय आहे?” पलीकडे हिंदीवाला असला तर, “भैया, आज डब्बे में क्या है?” आणि आलेलं उत्तर परत बोलून दाखवत. हे काय चाललंय म्हणून मी एकदा हटकलं. “एक ऐकू आलं का दोन अंदाजानं समजते बाई. भाजी अंदाजानं समजत नाही.” त्यामुळे माझ्या डब्यातली भाजी अख्ख्या विभागाला ठाऊक असे.

एकतीस वर्षांत मामांच्या एरियलपायी एकही गाडी परत आली नव्हती. हे ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसरा कोणी सांगू लागला तर थांबवतही नसत. त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि हातात बारा गाड्यांची शेवटची खेप होती. निरोपाच्या भाषणात साहेब हेच वाक्य बोलणार होते. मला माहीत होतं, कारण ते भाषण मीच लिहून दिलं होतं.

मामांनी एका दिवशी बाराही गाड्या खरवडून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी बैठका बसवल्या. यार्डात बोलून पाहिलं, भाजी नीट ऐकू आली, मी सही केली. सहा गाड्या पुढे सिहोरा गावापर्यंत गेल्या आणि पुढच्या कागदपत्रांसाठी तिथे थांबल्या. त्या दुपारी चहा पिताना पांडेजी मोठ्या मायेनं म्हणाले, “दादा, आप लोहा खुला छोड़ देते हो, ज़ंग लगेगा. आपकी आखिरी गाड़ियाँ हैं, तो हमने बैठक से पहले वहाँ प्राइमर का हल्का हाथ मरवा दिया.” मामांनी कप खाली ठेवला. प्रायमर म्हणजेही रंगच, पण तो करडा हात लोखंडासारखाच दिसतो. आदल्या दिवशी आपणच खरवडलंय, या भरवशावर मामांनी त्या एकाच सकाळी बोट फिरवलं नव्हतं.

मी म्हणाले, “मामा, टेस्ट पास झाली आहे. राहू द्या.” हे मी म्हणाले होते याची आजही लाज वाटते. मी त्यांची एकतीस वर्षं वाचवते आहे असं स्वतःला सांगत होते. माझी सहीही वाचवत होतेच.

“यार्डात पास झाली बाई. यार्डात तं नुसती हाक मारली तरी ऐकू येते.” ते अजिबात चिडले नव्हते. “त्या गाड्या कुठी कुठी जातीन. त्यातून कोणी अडचणीत बोलून राहिला असन, त्याले काय सांगू, मी रिटायर होऊन राहिलो होतो म्हणून?”

तरी मला पुरावा हवा होता. “चलो, मग तुम्हीच जाऊन पाहा,” मामा म्हणाले. उरलेल्यांपैकी एक गाडी घेऊन मी भेडाघाटच्या रस्त्याला लागले. शहर ओलांडेपर्यंत यार्डातल्या दुसऱ्या गाडीतून मामांचा आवाज येत होता. मग तो विरत गेला, आणि संगमरवराच्या मूर्तींची दुकानं लागली तिथे नुसती खरखर उरली. मी तीनदा विचारलं, डब्यात काय आहे? कोणी उत्तर दिलं नाही.

परत आले तर मामांनी खुलासा लिहून ठेवला होता. बैठक बसवताना लोखंड तपासले नाही, चूक माझी आहे. पांडेजींचं नाव कुठेच नव्हतं. “पांडेनं मायेनं केलं,” मामा म्हणाले. “पाहायचं काम माझं होतं.” मी त्याखाली माझी सही केली.

दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याहून सहा गाड्या एकामागून एक फाटकातून आत आल्या. दोन पाळ्यांची माणसं बघत उभी होती. मामा फाटकाशीच उभे होते, मान ताठ. मग बाराही बैठका उघडल्या. पांडेजींनी कोणी न सांगता शिडी धरली. अर्ध्या गाड्या झाल्यावर मामांनी पातं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “आता तुम्ही. पण आधी बोट फिरवायचं, मग नट.” मी खरवडलं, बोट फिरवलं, त्यांनी फिरवलं, मग नट आवळला.

मी पुन्हा भेडाघाटला गेले. त्याच दुकानांसमोर गाडी उभी करून विचारलं, “मामा, डब्यात काय आहे?”

“पाटवडीचा रस्सा,” शेजारी बसल्यासारखा आवाज आला. “तुमच्या मामीनं तुमच्यासाठी बी दिला आहे. लवकर या.”

मी ते मोठ्यानं परत बोलून दाखवलं. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला.

निरोपाच्या भाषणातून ते वाक्य मी काढून टाकलं होतं. पण साहेबांना ते तोंडपाठ झालं असावं. कागद न बघता त्यांनी म्हटलंच, इकतीस साल में एक भी गाड़ी वापस नहीं आई. हार गळ्यात असलेले मामा खुर्चीतून उठले. “छह आई थीं, साहब. मैंने ही बुलाई थीं.” एवढं बोलून ते खाली बसले. मग मागच्या रांगेत पांडेजींनी टाळी वाजवली, आणि पुढे ती किती वेळ चालली सांगता येत नाही. माझा ऊर अभिमानानं भरून आला होता, आणि आज लिहितानाही येतो आहे.

मामा मुलीकडे नागपूरला गेले, आणि गेल्या वर्षी तिथेच गेले. पातं माझ्याकडे आहे, टेप मी तीनदा बदलली. नोकरीत कोणाच्या हाताखाली तयार झालात, असं मला अजून कोणी कोणी विचारतं. मी सांगते, खुरचन मामांच्या. कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते, पण ते कागदावर.