मागच्या गेटची किल्ली

झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे मारून दोन दिवस झाले होते आणि सकाळी सव्वादहाला ते कुणालाच दिसत नव्हते. पट्ट्यांवर पोरं-पोरी उभ्या होत्या. पट्ट्यांच्या अलीकडं पोरं, पलीकडं पोरं, मधे सायकली. एक ऑटोवाला हॉर्नवर बोट दाबून धरत त्यातून वाट काढत होता. दोन्ही बाजूंचे स्पीड ब्रेकर आपलं काम करत होते, पण त्यांच्यावरून हळू आलेला टेम्पोसुद्धा गर्दीत शिरला की कुणाच्या तरी पायाला घासूनच जात होता.

मी कडेला ड्रॉइंग हातात घेऊन उभा होतो. ड्रॉइंगमध्ये सगळं बरोबर होतं.

हा लातूरचा, क्लासेसच्या भागातला चौक. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती. बारावीसाठी लांबलांबची पोरं लातूरला यायला लागली होती. मी तेव्हा ज्युनिअर इंजिनिअर होतो आणि त्या भागातले रस्ते माझ्याकडं होते. रस्त्याच्या एका बाजूला हणमंते सरांची तीन मजली क्लासची बिल्डिंग, दुसऱ्या बाजूला पोरांच्या खोल्या आणि मेस. शिकायचं इकडं, जेवायचं तिकडं.

महिन्यापूर्वी त्याच जागी एका टेम्पोनं संगीता नावाच्या मुलीला धडक दिली होती. पायाची दोन हाडं मोडली. आठवड्याभरानं तिचे वडील ऑफिसात आले. देगलूरला त्यांचं शिवणकामाचं दुकान. गळ्यात टेप तसाच होता, काढायचा राहून गेला असावा.

"साहेब, मी भांडायला आलो न्हाई," ते म्हणाले. "पुढल्या महिन्यात प्लास्टर निघतंय. कुबडी घेऊन क्लासला जाणार म्हणते पोरगी. डॉक्टर व्हायचंय तिला. मला फक्त एवढं सांगा, तो रस्ता तिला ओलांडता येईल का? येत नसंल तर घेऊन जातो. घरी राहून शिकंल काय व्हायचं ते."

"येईल," मी म्हणालो.

असं बोलायला नको होतं. इंजिनिअरनं आधी साइट बघायची, मग बोलायचं. पण आमच्या घरात पहिला ग्रॅज्युएट मी. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत असताना हिमायतनगरहून माझा डबा रोज एसटीनं यायचा. आई पहाटे स्टँडवर कंडक्टरच्या हातात द्यायची आणि चार वर्षांत तो एकदाही हरवला नाही. शिकायला बाहेर पडलेल्या पोराच्या मागं किती जणांचे हात लागतात, ते मला माहीत होतं. त्यामुळं तोंडातून 'येईल' निघून गेलं.

मग मी पुस्तकाप्रमाणं कामाला लागलो. पहिलं काम काउंट. काउंट म्हणजे चौकात बसून किती माणसं आणि किती गाड्या जातात ते मोजायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, तासातासाला आकडा लिहायचा. आकडे काही भीतीदायक आले नाहीत. एवढ्या माणसांना पट्टे आणि ब्रेकर पुरतात, असं पुस्तक म्हणत होतं. मी पट्टे मारले, ब्रेकर टाकले आणि आता गर्दीत उभा राहून स्वतःचं काम बघत होतो.

आमचे साहेबही बघून गेले. केबिनमध्ये बोलावलं.

"काय हो, तुमचा झेब्रा गेला कुठं? चरायला?"

"साहेब, पोरं त्याच्यावरच उभी राहतात."

"मग डिव्हायडर घाला मधून. अखंड. चौकातून ओलांडायचंच बंद. जायचंय त्यानं पुढच्या वळणावरून जावं."

"पोरं उड्या मारतील साहेब."

"मारू द्या."

"एक मुलगी कुबडीवर आहे. ती कशी मारणार?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. माणूस तोंडानं कडक, पण ऐकून घेणारा. "सोमवारपर्यंत वेळ देतो," म्हणाले. "दुसरं काही असलं तर दाखवा. नसलं तर मंगळवारी डिव्हायडरचं काम सुरू."

हातात पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी काउंटचे तक्ते घेऊन मी समोरच्या मेसमध्ये बसलो. मेस चालवणाऱ्या काकू पोळ्या लाटत होत्या. मी कुठल्या कामावर आहे ते त्यांना माहीत होतं.

"काय मोजून राहिलात एवढं?"

"एका तासात किती पोरं येतात ते."

त्या हसल्या. "तासाला? अहो साहेब, पोरं तासाला येतात व्हय? धा वाजता बघा, एक ताट उठत न्हाई. सव्वाधाला बघा, बसायला जागा न्हाई. साडेधाला पुन्हा माश्या मारायच्या. मी तासावर पोळ्या लाटल्या असत्या तर मेस कवाच बंद पडली असती."

माझी चूक एवढी साधी होती. हमरस्त्यावर गाड्या दिवसभर येत राहतात, तिथं तासाचा आकडा चालतो. क्लासची बॅच ठरल्या मिनिटाला एकदम सुटते. बारा मिनिटांची झुंबड मी साठ मिनिटांत पातळ करून तक्त्यात भरली होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे मुकादम इस्माईलभाई आणि मी, दोघांनी मिनिटामिनिटाला मोजलं. सकाळच्या त्या तासातली बहुतेक माणसं सव्वादहाच्या आगेमागे बारा मिनिटांत आली. इस्माईलभाईंनी त्याहून कामाची गोष्ट पाहिली. "साब, आधे बच्चे तो रस्ता पार करतेच नई. खडे रैते."

खरंच होतं. बाहेर पडणारी बॅच रस्ता ओलांडत होती. आत जाणारी बॅच नुसती रस्त्यात उभी होती. एका मुलीला विचारलं, गेटच्या आत का नाही थांबत?

"सर लई ओरडतात. आतली बॅच पूर्ण बाहेर आल्याशिवाय कुणी आत पाय ठेवायचा न्हाई. बिल्डिंगखाली थांबायचंच न्हाई, जिन्यात न्हाई, छज्ज्याखाली न्हाई."

म्हणजे दुखणं माझ्या रस्त्यावर नव्हतंच. इस्माईलभाईंना घेऊन मी हणमंते सरांना भेटायला गेलो.

सर गणित शिकवायचे. पन्नाशीचे, आवाज खणखणीत. किल्लारीच्या बाजूचं त्यांचं गाव. भूकंपात त्यांची आई आणि थोरला भाऊ गेला, हे लातुरात सगळ्यांना ठाऊक होतं. बिल्डिंग त्यांनी नंतर बांधली. रुंद जिना, प्रत्येक वर्गाला दोन दारं, मागं मोकळं मैदान.

"सर, तुमची पोरं रस्त्यात उभी राहतात," मी म्हणालो.

"उघड्यावर उभी राहतात. छताखाली दोन बॅचा एकत्र मी येऊ देणार न्हाई. हलली बिल्डिंग तर जिन्यात चेंगरून मरतील."

"रस्त्यात टेम्पो येतो."

"टेम्पोला ब्रेक असतो. स्लॅबला न्हाई."

ज्यानं आपल्या हातानं घरातली माणसं ढिगाऱ्यातून काढली, त्याला मी सुरक्षितता शिकवणार होतो का? खिडकीतून मागचं मैदान दिसत होतं. झाडून स्वच्छ ठेवलेलं, पूर्ण रिकामं.

"सर, ती जागा कशासाठी?"

"त्याच्यासाठीच. जमीन हलली की सगळ्यांनी मागल्या दारानं मैदानात यायचं, मैदानातून गेटनं बाजूच्या गल्लीत. म्हणून कुलूप लावून ठेवतो. उघडं ठेवलं तर लोक सायकली, स्कुटरी लावतात. वेळेला माणसं कुठं उभी राहणार?"

"आत जाणारी बॅच तिथंच थांबली तर? गल्लीतून मागच्या गेटनं यायचं, मैदानात उभं राहायचं. डोक्यावर छत नाही, समोर टेम्पो नाही. सायकली बाहेर, गल्लीच्या भिंतीला."

"न्हाई. एकदा उघडलं की जत्रा भरंल तिथं. ती जागा रिकामीच पाहिजे."

"बरं. गेट तरी दाखवाल? रुंदी मोजून घेतो."

ऑफिसमध्ये खिळ्याला लावलेली किल्ली त्यांनी स्वतः घेतली. आम्ही मैदान ओलांडून गेटपाशी गेलो. सरांनी किल्ली कुलपात घातली. फिरेना. काढली, पुसली, परत घातली. मग इस्माईलभाईंनी जोर लावून पाहिला.

"सर, ये नई खुलता. अंदर से गंज गया. कब खोले थे आखरी?"

गेट बसवलं तेव्हा उघडलं असेल. त्यानंतर पावसाळे येत गेले आणि किल्ली खिळ्यालाच राहिली. इस्माईलभाईंनी गाडीतून हातोडा आणला. आठ-दहा घाव बसले तेव्हा कुलूप तुटलं. तरी गेट हलेना. खालचा रूळ मातीत रुतला होता. तिघांनी खांदा लावला तेव्हा माणूस आडवा जाईल एवढी फट पडली.

सर त्या फटीकडं बघत उभे राहिले. मग घड्याळ बघितलं. हातोडा आणल्यापासून किती वेळ गेला ते मोजत असावेत. गणिताचा माणूस.

"आमच्या गावाला एवढा वेळ मिळाला न्हवता," ते म्हणाले.

मग वाकून खालचा रूळ बघितला आणि विचारलं, "रोज उघडलं तर रूळ जाम होणार न्हाई ना?"

"नाही सर. रोज चालणाऱ्या गेटला गंज धरत नाही."

"मग उद्यापासून. पण मैदानात एक सायकल दिसली तर तुमच्या ऑफिसात आणून टाकीन."

"टाका सर."

सोमवारी मी साहेबांपुढं मिनिटांचा तक्ता ठेवला आणि सव्वादहाच्या आधी त्यांना चौकात घेऊन गेलो. आत जाणारी पोरं पाच-पाच, सात-सात अशी रस्ता ओलांडून गल्लीत वळत होती. बॅच सुटली. एकच लोंढा बाहेर आला आणि समोर रस्ता मोकळा असल्यानं सरळ पट्ट्यांवरून पलीकडं गेला. पट्टे दिसत होते, त्यामुळं ऑटोवालेही त्यांच्याआधी थांबत होते. साहेबांनी पूर्ण पाहिलं.

"डिव्हायडर नको मग," म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

"मधोमध एक ओटा साहेब." इंग्रजीत त्याला रेफ्यूज म्हणतात. रस्त्याच्या मध्यावर दगडी कडांची उंच जागा, त्यात पट्ट्यांच्या रेषेत सपाट वाट. एका दमात ओलांडता येत नाही त्यानं अर्धा रस्ता झाल्यावर तिथं थांबायचं, दुसऱ्या बाजूची गाडी जाऊ द्यायची.

"त्या कुबडीवाल्या मुलीसाठी का?"

"हो. म्हाताऱ्यांनाही होईल."

"घाला."

ओटा झाला. प्लास्टर निघालं. संगीता क्लासला आली त्या सकाळी तिचे वडील देगलूरहून आले होते. मी मुद्दाम बोलावलं नव्हतं, पण मीही तिथं होतो. त्यांनी तिचा हात धरला तर तिनं सोडवला. "अप्पा, तुमी तिथंच थांबा." पट्ट्यांवरून कुबडी टेकत ती ओट्यापर्यंत गेली. थांबली. एक टेम्पो येत होता, तो ब्रेकरवर हळू झाला आणि पट्ट्यांच्या अलीकडं उभा राहिला. तिनं त्याच्याकडं एकदा रोखून पाहिलं आणि उरलेला रस्ता ओलांडून गल्लीत वळली. मागं वळून बघितलं नाही.

वडील तसेच उभे होते. मग माझ्याजवळ आले.

"जातो साहेब. अकराची देगलूर गाडी हाय. दुकान बंद ठेवून आलोय."

"तिला नेणार होता ना?"

"कशाला?" ते म्हणाले आणि स्टँडकडं निघाले.

पुढं शेजारच्या दोन क्लासवाल्यांनीही आपली मागची दारं उघडली. मी रिटायर होईपर्यंत बरेच चौक केले, लहान आणि मोठे. रस्त्यावरची गर्दी बऱ्याचदा रस्त्यावर तयार होत नाही, कुठल्या तरी बंद दारामागं होते, हे त्या एका चौकानं शिकवलं. म्हणून काउंटला जाताना मी दोन गोष्टी करत आलो. तक्ता मिनिटाचा न्यायचा. आणि आजूबाजूला कुणी 'हे संकटकाळासाठी आहे' असं म्हणून एखादं दार दाखवलं, तर आधी किल्ली मागून घ्यायची.