हरणाकाकीची ओहोटी

माझ्या काकीला गावात पाठीमागे ‘भरतीवाली’ म्हणत. त्या शब्दाचा मला अजून संताप येतो.

हरणाकाकी कोकणातली. तात्याबाकाका लष्करात जाण्याआधी गूळ-हळदीच्या गाड्या घाटाखाली बंदरावर नेत, तिकडेच ही सोयरीक जमली. तिच्या माहेरची नदी म्हणजे केवढीशी! सह्याद्रीच्या कड्यावरचा पाऊस पूर्वेला वाहिला तर आमच्या कृष्णेला मिळतो आणि शेकडो कोस हिंडून पार दुसऱ्या समुद्राला जातो. तोच पाऊस पश्चिमेला घसरला की काही तासांत काकीच्या दारावरून खाडीत. पण खाडीला भरती असली तर समुद्र ते पाणी घेत नाही. ते मागे तुंबतं, घरात शिरतं, आणि ओहोटी लागली की निघून जातं. म्हणून तिकडची माणसं पुरात आभाळाकडे न बघता तिथी मोजतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. तेवढा वेळ तांदळासकट माळ्यावर चढून बसायचं, मग उतरून चिखल उपसायचा. काकी लहानपणापासून हेच करत आलेली.

लढाईची वर्षं होती. काका परमुलखात, आणि इस्लामपूरच्या बाजूच्या आमच्या नदीकाठच्या घरात काकी आणि तिची सासू, म्हणजे माझी आजी राहीबाई. माझे वडील जनावरं घेऊन माळावर गेलेले. आजीचं पंधरा दिवसांपूर्वी मांडीचं हाड मोडलेलं, बांबूच्या कामट्या लावून ती घराच्या पुढच्या सोप्यात पडून होती. श्रावण वद्य पंचमीला कृष्णा गावात शिरली.

आमच्याकडे पुरात गुऱ्हाळाची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची भलीमोठी कढई, हीच नाव. भावकीतला मानसिंग दुपारी काहील वल्हवत शेवटच्या फेरीला आला. पाणी अजून उंबऱ्याबाहेर होतं.

“वैनी, चला. म्हातारीला मी उचलतो.”

काकीनं आजीकडे पाहिलं. पायाला हात लावला तरी आजीचा चेहरा पिळवटायचा. काकीनं बोटं मोजली. “नगं, भावजी. पावणेचारला पानी भरंल, दिवं लावायच्या टायमाला उतरंल. उगा त्येंच्या जिवाला कशापायी तरास?”

“आवं, ही किस्ना हाय!”

“पानी ते पानीच की.”

मानसिंगनं आजीला विचारलं. आजी म्हणाली, “सून म्हंती तसं.” मानसिंग कपाळावर हात मारून गेला. नंतर पाण्याची ओढ इतकी वाढली की काहील आमच्या आळीत येईना.

चार वाजता पाणी सोप्यात आलं. काकीनं आजीला पाठीवर बांधलं आणि शिडीनं माळ्यावर चढवलं. आजी जिवाच्या आकांतानं ओरडली. दिवेलागण झाली. पाणी शिडीची एक पायरी वर सरकलं.

दुसऱ्या दिवशी षष्ठी. काकीनं कौलांतल्या उजेडावरून साडेचारचा अंदाज धरला, मग आणखी थांबली. पाणी तिसऱ्या पायरीवर. माळा एवढा बुटका की नीट उभं राहता येईना. खायला शेंगा नि गूळ, प्यायला कौलांची गळती तांब्यात धरलेली. आजीला ताप भरला. सप्तमीला शिडीच्या वरच्या दोनच पायऱ्या उरल्या. काकी शिडीच्या तोंडाशी बसून बोटं मोजत राहिली. हिशोब बरोबर येत होता आणि पाणी ऐकत नव्हतं.

“काय मोजतीस गं सारखं?” आजीनं विचारलं.

काकीनं समुद्र सांगितला, खाडी सांगितली, भरती-ओहोटी सांगितली. सांगता सांगता तिची जीभ अडखळली. आजीनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिनं एवढंच विचारलं, “मग हितनं समुद्र किती लांब हाय?”

काकी रडायला लागली. “आत्याबाई, माजं चुकलं. हितं ओहटी न्हाईच. मी मारलं तुमास्नी.”

 आजी म्हणाली, “मला ठावं हुतं. साठ वरसं बघतीया मी किस्नामाय. चार-चार दिस हालत न्हाई ती.”

“मग काहिलीत का न्हाई बसला?”

“मानसिंगनं उचललं असतं तर मी वराडले असते. समद्या गावाम्होरं.” माझी आजी कधी कुणासमोर रडली नव्हती, नवरा गेला तेव्हासुद्धा. “तू नगं म्हनलीस, मला बरं वाटलं. तुज्या नावावर ढकललं. तुजाबी जीव जाईल ह्ये ध्येनातच आलं न्हाई गं, पोरी.”

अष्टमीला सकाळी पाऊस थांबला, ओढ जरा कमी झाली. मानसिंगनं कौलं काढून दोघींना काहिलीत घेतलं. आजीच्या घशात ओरडण्याइतका आवाजच उरला नव्हता. देवळाच्या ओट्यावर सगळा गाव जमलेला. मानसिंग चार दिवसांचा राग घेऊन ओरडला, “कुनाच्या अकलंनं ऱ्हायलासा गं तितं?”

आजीनं काकीचा हात गच्च धरला होता.  काकीच म्हणाली, “माज्या. मी भरती मोजत बसले.”

तिथून ते नाव पडलं. आजी पुढं नऊ वर्षं जगली, लंगडत चालली, आणि एकदाही गावाला खरं सांगितलं नाही. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी काकीनं मला हे सगळं सांगितलं. मी भडकलो. आजीचा इतका राग आला की माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, “काकी, तू का नाही बोललीस? निम्मी चूक तर तिची होती.”

काकी शेंगा फोडत होती. म्हणाली, “त्यास्नी गावानं भित्री म्हनलं असतं तर त्या मेल्याच असत्या, बाबा. मी तर परकीच हुते. मला काय बी म्हनू देत.”