एका बटणाचा लूपर

माझा मामा वजनकाटे दुरुस्त करतो. एका शटरचं दुकान. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. भिंतीला पोटं उघडी पडलेले काटे, टेबलावर सोल्डर गन, आणि खणात निळ्या मखमलीची एक लाकडी पेटी. पेटीत पितळेची प्रमाण वजनं. ती मामा बोटांनी उचलत नाही, चिमट्याने उचलतो. हाताचा घाम लागला तरी वजन बदलतं, म्हणतो. लहानपणी त्यातलं एक मी खेळायला घेतलं होतं, तेव्हा त्याच्याकडून मला पहिला आणि शेवटचा धपाटा मिळाला.

"काट्याला नातेवाईक नसतात," हे त्याचं लाडकं वाक्य. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, काटा पाच ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो तसा दुकानाबाहेर जाणार नाही. लोक कुरकुरतात आणि पुन्हा त्याच्याकडेच येतात.

याच वाक्यावर सतरा वर्षांपूर्वी त्याने सख्ख्या भावाला बँडमधून काढलं.

बँड चौघांचा होता. लग्नाच्या पार्ट्या, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम. मामा गिटारवर साथीचे कॉर्ड धरायचा, धाकटा ड्रमवर, आणि दोन पोरी गायच्या. धाकट्याला सगळे ठोक्या म्हणायचे, आम्हा भाचरांचा तो ठोक्यामामा. एका कार्यक्रमानंतर सामान व्हॅनमध्ये चढवत असताना मामा त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "तू लय मागे ओढतोस. दर वेळी गाणं मुखड्यावर आलं की ब्रेक मारल्यासारखं होतं. उद्यापासून येऊ नकोस."

ठोक्यामामाने ड्रम विकून टाकले आणि एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागला. दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं. माझी आई या दोघांच्या मधली. ती दोघांकडेही जाते, पण एकाच दिवशी कधीच नाही. चूक कुणाची, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही. जो माणूस अर्धा ग्रॅम पकडतो तो ठोक्यात चुकेल? मीही हेच धरून मोठी झाले.

यंदा मामा अठ्ठावन्नचा झाला. बँड कधीचाच संपला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुरांखाली कॉर्ड धरून झाले, आता गाण्याची चाल आपण स्वतः वाजवायची, असं त्याच्या मनाने घेतलं. पण चाल वाजवायची तर खाली कॉर्ड कोण धरणार?

"त्याला लूपर म्हणतात," मी सांगितलं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, त्यामुळे घरातला टीव्ही बंद पडण्यापासून सगळं माझ्याकडे येतं. "पायाने दाबायची डबी असते. एकदा दाबलं की तू वाजवतोस ते आत साठतं. पुन्हा दाबलं की तेच परत परत वाजत राहतं. त्याच्यावर तू चाल वाजव."

"म्हणजे मीच माझा साथीदार?"

"हो."

"बरंय. निदान हा तरी ऐकेल."

मी सात लूपरांचा तक्ता केला. आतला आवाज किती शुद्ध, किती मिनिटं साठतं, कोणता अडाप्टर लागतो. रविवारी सकाळी दुकानात बसून मी त्याला एकेक समजावत होते आणि तो एका काट्याचे स्क्रू काढत ऐकत होता.

"यात चाळीस मिनिटं साठतं."

"चाळीस मिनिटं कुणाला ऐकवू? तुझी मामी चार मिनिटांत दार लावून घेते."

"मग हा. यात ड्रमही आतच आहेत. तुला हवी ती लय लाव."

त्याचा हात थांबला. "ड्रम नकोत."

मी तो रकाना ओलांडला. "हा सगळ्यात भारी. बटण जरा पुढेमागे दाबलं गेलं, वाजवताना हात इकडेतिकडे झाला, तरी हा आपणहून सगळं ठोक्यावर बसवून देतो."

मामाने चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे मी वजन ठेवलं नऊशे ऐंशीचं, आणि काटा आपल्या मनानेच म्हणणार, एक किलो?"

"तसंच काहीसं."

"असला काटा मी विकला तर माझा परवाना जाईल, इंजिनीयरबाई. मार त्याच्यावर फुली."

शेवटी आम्ही सगळ्यात साधा निवडला. एक बटण, आवाजाची एक खुंटी, एक वायर आत, एक बाहेर. त्याच्यात जे जाईल तेच तो परत देणार, ना कमी ना जास्त. "हा आपला," मामा म्हणाला. "याला अक्कल नाही, म्हणून हा खोटं बोलणार नाही."

पहिला आठवडा दिवाळखोराला खजिना सापडावा तसा गेला. दुकान उघडण्याआधी तासभर तो वाजवायचा. मामीने फोनवर आईला सांगितलं, "एकच झेपत नव्हता, आता घरात दोन-दोन झालेत."

दुसऱ्या आठवड्यात मला फोन आला. "तुझं यंत्र सदोष आहे."

"काय होतंय?"

"आठ आवर्तनं वाजवतो. ती संपून पुन्हा पहिल्यावर आलं की सांध्यावर झटका बसतो. मागे ओढतं. अगदी ठोक्यासारखं."

त्याच्या तोंडून ते नाव मी सतरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. मामाने आपली दोन्ही गिटारं आणि लूपर आधीच तिथे आणून ठेवला होता. मला वाटलं, त्याचा पाय बटणावर उशिरा पडत असेल. म्हणून तो वाजवत असताना बटण मी दाबलं, अगदी ठोक्यावर. झटका तसाच. तीनदा केलं, तीनदा तसाच.

"बघ," मामा म्हणाला. "परत करून टाक."

"थांब. तूच सांगतोस ना, काटा खोटा म्हणण्याआधी प्रमाण वजन ठेवून बघ."

माझ्या फोनमध्ये मेट्रोनोम होता, घड्याळासारखी एकसारखी टकटक देणारा. तो मी वायरने लूपरला जोडला आणि आठ आवर्तनं टकटक साठवली. मग ती वाजू दिली. पाच मिनिटं आम्ही दोघं कान लावून बसलो. सांधा कुठे आहे हेसुद्धा कळत नव्हतं.

खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण उत्तर दिसायला लागलं की माझा जीव राहत नाही. मी त्याचं वाजवणं लॅपटॉपवर घेतलं, आवाजाची रेघ पडद्यावर मोठी केली आणि मोजलं. पहिलं आवर्तन दोन सेकंद आणि चाळीस शतांश. आठवं, दोन सेकंद आणि अठ्ठावीस.

"सापडलं!" मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "यंत्र ओढत नाहीये, मामा. तू पळतोयस. थोडंथोडं करत शेवटपर्यंत वेग वाढतो. मग लूप पहिल्यावर येतो आणि तुझाच जुना वेग परत लागतो. म्हणून तुला तो मागे ओढल्यासारखा..."

मामा पडद्याकडे बघत नव्हता. तो मखमलीच्या पेटीकडे बघत होता.

"पुन्हा घे," तो म्हणाला.

पुन्हा घेतलं. गाणं बदलून घेतलं, गिटार बदलून घेतलं, उभं राहून घेतलं. प्रत्येक वेळी तेच. मग त्याने शटर खाली ओढलं. भर सकाळी, रविवार हा त्याचा गिऱ्हाइकाचा दिवस असताना.

"व्हॅनपाशी चौघं होतो आम्ही," तो म्हणाला. "कुणी एक शब्द बोललं नाही."

ठोक्यामामाचं गोदाम शहराच्या कडेला आहे. पुढच्या शनिवारी मामा मला घेऊन तिथे गेला. पिशवीत लूपर होता आणि बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर. मी म्हटलं होतं, नुसतं सांग की, ऐकवायची काय गरज आहे? तो म्हणाला, "पुरावा नको?"

जेवणाच्या सुट्टीत ठोक्यामामा बाहेर आला. चकचकीत पट्ट्यांचं जाकीट, हातात डबा. आम्हाला बघून त्याने आधी विचारलं, "ताई बरी आहे ना?"

"आई ठीक आहे," मी म्हणाले.

"मग?"

मामाने लाकडी पॅलेटवर लूपर ठेवला, वायर जोडली आणि पायाने बटण दाबलं. त्याचे कॉर्ड वाजायला लागले. ठोक्यामामा उभ्याउभ्याच ऐकत होता. त्याची दोन बोटं डब्याच्या झाकणावर हलली. चार आवर्तनं, पाच, सहा. सहाव्याला त्याची बोटं जरा जड पडायला लागली, जसं धावत्या पोराचा सदरा कुणी मागून धरावा. सांधा आला. मामाचा लूप धाडकन मागे आला. ठोक्यामामाची बोटं मात्र आधीच त्या वेगावर पोचलेली होती.

त्याचंही लक्ष बोटांकडे गेलं. त्याने हात खिशात घातला.

"मी पळत होतो," मामा म्हणाला. "तू नाही ओढायचास. मी पळायचो."

"माहितेय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तू पळायचास, मी तुला धरून मुखड्यावर परत आणायचो. नाहीतर गाणारीचा श्वास पुरला नसता. त्यालाच तू ओढणं म्हणायचास."

"मग बोलला का नाहीस?"

ठोक्यामामा हसला. ते हसू बघवत नव्हतं. "दोनदा बोललो, दादा. तू म्हणालास, काटे तपासणाऱ्याला वजन शिकवू नकोस. पोरी हसल्या होत्या त्यावर. भारी वाक्य होतं."

लूप अजून वाजतच होता. दर आठ आवर्तनांनी झटका. मी वाकून तो बंद केला.

"चूक झाली माझी," मामा म्हणाला. "घरी ये. पुन्हा बसू. तुला ड्रम मी..."

"कशाला?"

"वाजवायला."

"सतरा वर्षं मी गाण्याच्या आसपास फिरकलो नाही. कुठे वाजत असलं की मला वाटायचं, आपलं खरंच चुकत असेल. माहीत असून वाटायचं. तू इतक्या खात्रीने म्हणाला होतास." त्याने डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "भावाने सांगितलं ते पटलं नाही. आज या डबीने सांगितलं, लगेच पटलं. शनिवारचं दुकान बंद ठेवून आलास."

"डबीला नातेवाईक..." मामा बोलायला गेला आणि थांबला.

"हां. नसतात," ठोक्यामामा म्हणाला. "मला होते."

आत भोंगा वाजला. तो वळला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "यंत्र तू निवडलंस का गं?"

"हो."

"चांगलं निवडलंस." आणि तो गेला. थोड्या वेळाने आतून फोर्कलिफ्ट मागे घेतानाची पीप-पीप ऐकू आली. एकसारखी, कुठेही न चुकता.

त्यानंतर मामाने दोन महिने मेट्रोनोम लावून सराव केला. मी दर रविवारी जाऊन मोजत होते. तो स्वतःच मोजायला लावायचा. टकटक चालू असेपर्यंत हात जागेवर राहायचा. ती बंद केली की पाचव्या आवर्तनापासून पळायला सुरुवात. दोन अठ्ठावीसचं कधी दोन तीस झालं, त्याच्या वर नाही. "हात ऐकत नाही," तो म्हणायचा. "चाळीस वर्षं त्याला कुणी टोकलंच नाही. ज्याने टोकलं त्याला हाकललं." आई त्याच्या वतीने एकदा ठोक्यामामाकडे गेली. त्याने तिला नीट बसवलं, सगळ्यांची विचारपूस केली, आणि हा विषय निघाला तेव्हा तो उठून कपडे वाळत घालायला गेला.

परवा मी सहज दुकानात गेले होते. गिटार कोपऱ्यात उभं होतं. लूपर टेबलाखाली, त्याच्यावर स्क्रूंची डबी ठेवलेली. मामा एका गिऱ्हाइकाचा काटा तपासत होता. चिमट्याने पितळी वजन ठेवलं, आकडा बघितला, वजन उचललं, पेटीत घातलं. गिऱ्हाईक गेल्यावर तो बराच वेळ चिमटा पुसत बसला.

"तुझ्या त्या तक्त्यात एक होता ना," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आपणहून ठोक्यावर बसवून देणारा."

"ज्याच्यावर तू फुली मारायला लावलीस तो?"

"हं."

"मग?"

त्याने पेटीचं झाकण लावलं. "अजून मिळतो का, बघ जरा."