जाऊबाईंनी कांदा सोडला

आमच्या थोरल्या जाऊबाई टेकडीवर मातेच्या दर्शनाला गेल्या, तर नमस्कार आटोपून मातेलाच विचारतील, की मुलांच्या शिक्षणाला मदत करणारं तुमच्या ओळखीत कोणी आहे का. मागायची त्यांना लाज म्हणून नाही, आणि मला दुकानात सुटे मागतानाही घाम फुटतो. एकाच घरात दोघींना आणताना देवानं वाटणी नीट केली नाही, असं मला नेहमी वाटतं. हळदीकुंकवाला बाकीच्या बायका एकमेकींच्या साड्या बघतात. जाऊबाई कुंकू लावून घेता घेता विचारतात, "तुमच्या भाच्याची कॉलेजची फी कोणी भरली हो?" समोरची गोंधळून खरं सांगून टाकते. त्यांचा मुलगा असाच इंजिनियर झाला. थोडी सरकारची शिष्यवृत्ती, थोडं समाजाचं मंडळ, आणि उरलेलं धारच्या एका कापडवाल्या शेठजींनी दिलं. शेठजी बसमध्ये शेजारी बसले होते, एवढीच ओळख.

यंदा माझ्या मुलीला इंदूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी वेळेत भरली नाही तर जागा जाणार होती. यांनी हात टेकले, तेव्हा जाऊबाईंनी पदर खोचला. जैन मंडळींचा एक ट्रस्ट सगळ्या समाजांच्या मुलींना मदत करतो, हे त्यांना हळदीकुंकवातच कळलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी कांदा-लसूण सोडला आणि मलाही सोडायला लावला. "त्यांच्या दारात मागायला जायचं तर तोंडाला वास नको," म्हणाल्या. घरातले पुरुष फिक्या भाज्या खाऊन वैतागले.

मुलीला घेऊन आम्ही दोघी ट्रस्टच्या कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या मुनीमजींनी विचारलं, "आप लोग जैन हैं?"

"नहीं भिया, मराठी हैं. पर कांदा छोड़ रक्खा है. इसकी माँ ने भी," जाऊबाई मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

मुनीमजी इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बहनजी, इसकी ज़रूरत नहीं थी. बच्ची के नंबर बताओ." मुलीनं जाऊबाईंच्या खांद्यावर हात ठेवून मार्क सांगितले. माझा खांदाही तिथंच होता.

पुढच्या आठवड्यात मुलगी मदतीचं काय झालं ते विचारायला ट्रस्टच्या कचेरीत गेली होती. मी कणीक मळत होते. ओसरीवर जाऊबाईंचा फोन वाजला आणि त्या ओरडल्या, "मंजूर झालं? वा गं माझी बाई!" माझे हात परातीतच राहिले. माझा फोन ओट्यावरच होता, चार्ज केलेला. तेवढ्यात बाहेरून दबका आवाज आला. जाऊबाईंना दबका आवाज आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. "अगं वेडे, आधी आईला सांगायचं असतं. ठेव, आणि तिला लाव. मला सांगितलंस म्हणून बोलू नकोस."

मग माझा फोन वाजला. कणकेच्या हातानंच उचलला. मुलगी सांगत होती आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी "अगं बाई, खरंच?" म्हणत होते. डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं. वळून पाहिलं, तर जाऊबाई काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा करून दारात उभ्या होत्या. तेवढं एक काम त्यांना अजिबात जमत नाही. ते बघून मला फार बरं वाटलं, आणि का कोण जाणे, पुन्हा रडूच आलं.