गुप्ता मॅडमची रोवणी

गुप्ता मॅडम शाळेत येण्यासाठी चपलांचे तीन जोड वापरत. एक गोंदियाहून सौंदडपर्यंत गाडीत घालायचा, दुसरा स्टेशनापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा आणि तिसरा स्टाफरूमच्या कपाटात कुलपाआड ठेवलेला, फक्त वर्गात घालायचा. पावसाळ्यात रस्त्याचा जोड दोन बोटांच्या चिमटीत धरून त्या बादलीत बुडवायच्या, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहवत नसे. गोंदियाच्या बाजारात कापडाचं दुकान असलेल्या घरची ही बाई. आमच्याकडे वीसेक वर्षं गणित शिकवलं, पण गावच्या चिखलाला आपला पाय लागू दिला नाही. शाळा सुटली की त्यांचे डोळे घड्याळाकडे आणि पावलं स्टेशनाकडे.

मी त्याच गावचा, धानाच्या बांधीत, चिखलाच्या खाचरात लोळून मोठा झालेला, आणि त्याच शाळेत मराठी शिकवणारा. त्यामुळे त्या बादलीचा मला थोडा रागच यायचा. पण बाईवर राग धरणं अवघड होतं. अंगाने एवढीशी, आठवीच्या पोरीही त्यांच्यापेक्षा उंच. आवाज मात्र असा, की त्या सातवीला पाढा विचारत तेव्हा भिंतीपलीकडून दहावी उत्तर देई. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि कुठून कुठे जाईल त्याचा नेम नाही. गणित सुटलं नाही म्हणून एखाद्या पोरीने डोळ्यांत पाणी आणलं, की ठरलेलं वाक्य यायचं, "गणित में रोना मना है. रडायचं तर मराठीच्या तासाला रडा, सरांना आवडतं." पोरगी हसायची आणि गणिताला लागायची. मी मात्र चार दिवस वर्गात कविता शिकवताना ओशाळा असायचो.

साथ आली, शाळा बंद झाली आणि गाडीही बंद झाली. मॅडम गोंदियात अडकल्या आणि मोबाईलवर शिकवू लागल्या. आमच्याकडे रेंज मिळते ती नहराच्या पाळीवर, म्हणजे कालव्याच्या काठावर. ज्यांच्या घरी बरा फोन होता ती पोरं तिथे हात वर करून बसत. ज्यांच्या घरी नव्हता ती आधी त्यांच्या शेजारी बसली, मग कंटाळून गुरांमागे गेली. मॅडमना कॅमेरा कधी साधला नाही. पडद्यावर त्यांचं कपाळ आणि टिकली एवढंच दिसायचं. त्यांनाही पोरांच्या जागी नुसतं आभाळ दिसायचं. "सर, मी आभाळाला बीजगणित शिकवून राहिले," असं एकदा त्या फोनवर म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात बळ नसल्याचं जाणवलं.

मध्ये वरचे वर्ग थोडे दिवस उघडले, साथ वाढली, पुन्हा कुलूप. शेवटी ऐन आषाढात हुकूम आला. पालकांची संमती असेल तर आधी आठवी ते दहावी, एका बाकावर एक, रोज सकाळचे तीन तास. ते नीट पार पडलं तर पुढे पाचवी ते सातवी. गाडी अजून सुरू नव्हती आणि मॅडमच्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं. हेडमास्तरांनी त्यांना सुचवलं, की रजा टाका, कशाला जिवाला त्रास. दुसऱ्या दिवशी मॅडम पुतण्याच्या स्कूटरवरून दोन पिशव्या आणि चपलांचे तीन जोड घेऊन हजर झाल्या आणि माझ्या काकांकडे एक खोली भाड्याने घेऊन राहू लागल्या.

शाळा उघडली तेव्हा मैदानात गुडघाभर गवत होतं. बाहेरगावाहून परतलेल्या मजुरांना काही महिने शाळेतच ठेवलं होतं. दहावीच्या फळ्यावर त्यांच्या पत्त्यांच्या डावाचा हिशोब तसाच राहिला होता. मी पुसायला गेलो, तर मॅडमनी हात धरला. फळ्यापुढे उभं राहून त्यांनी सगळी बेरीज तपासली. "चुकली आहे. जिंकलेल्या माणसाला हरवलंय यांनी," असं म्हणत खडूने आकडा दुरुस्त केला आणि मगच फळा पुसला. मी इतक्या दिवसांनी पोटभर हसलो.

ते हसू दुसऱ्या दिवशी मावळलं. आम्ही बाक धुतले, सॅनिटायझरची बाटली दारात बांधली, कपाळावर धरायची ती ताप मोजायची बंदूक घेऊन हेडमास्तर स्वतः फाटकात उभे राहिले. आणि मुलगे आले चार. मुलगी एकही नाही. सगळ्या पोरी रोवणीला, धानाची रोपं लावायला गेल्या होत्या. दीड वर्ष शाळा नसल्यावर घरात बसलेल्या पोरीला कोण काम सांगणार नाही? मॅडमना खरी चिंता दहावीची होती, आणि दहावीतही प्रणालीची. गणितात असं डोकं मी वीस वर्षांत पाहिलं नाही, असं त्या तिच्याबद्दल सांगत. आता ही पोरगी यंदा बसली नाही तर पुन्हा कधीच बसणार नाही, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. ज्या पोरी एकदा बांधीत गेल्या त्या परत येताना मी पाहिल्या नव्हत्या.

संध्याकाळी मला घेऊन मॅडम प्रणालीच्या घरी गेल्या. तिची आई गीताबाई रोवणीचे ठेके घेणारी. बायांची एक टोळी तिच्या हाताखाली. शब्दाला पक्की आणि तोंडाने फटकळ. मॅडमनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं ते तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शाळा आज सुरू, उद्या बंद. रोवणा कोणासाठी थांबते का बाई? दहा जणींचा ठेका घेतला हाय मी. पोरगी तुमच्याकडं धाडली त कोण लावल, तुमी?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं होतं. मॅडमनी प्रश्न म्हणून घेतलं. "हां, मी लावीन. सकाळी तीन तास तुमची पोरगी माझ्याकडे, दुपारी मी तुमच्याकडे. रविवार पूरा तुमचा. हिशोब बराबर." गीताबाई एकदा मॅडमच्या पायांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिली. "चिखल रायते तिथं," ती जपून म्हणाली. मॅडम म्हणाल्या, की माहीत आहे. प्रणाली दारामागे उभी होती; तिला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुप्ता मॅडम चपला बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर काढून चिखलात उतरल्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल चढला तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले आणि माझ्या मनगटावर नखं रुतवली. मी पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या टाकायला गेलो होतो, म्हणजे खरं तर तमाशा पाहायला. रोवणी करणारी बाई रोप लावते आणि एक पाऊल मागे सरकते. मॅडमना हे कोणी सांगितलं नाही, कारण कोणाला सांगावं लागतं असं वाटलंच नाही. मॅडम रोप लावून पुढे सरकल्या. मग पुढचं लावलं, पुन्हा पुढे सरकल्या. असं करत आपली ओळ आपणच तुडवत त्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत गेल्या आणि अभिमानाने मागे वळून पाहिलं, तर मागे काहीच नव्हतं. बाया कंबर धरून चिखलातच हसत बसल्या. प्रणालीने पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड झाकून घेतलं. हसली नाही ती फक्त गीताबाई, कारण ठेका तिचा होता.

मागे सरकायला मॅडम शिकल्या. पण नखांत चिखल जाऊ नये म्हणून रोप अलगद टेकवायच्या, आणि सकाळी पाहावं तर त्यांनी लावलेला सगळा भाग पाण्यावर तरंगत असायचा. मग दोन बाया लागून तो पुन्हा लावायच्या. मास्क लावा, अंतर ठेवा, असं त्या मधूनमधून सांगायच्या. त्यात इतर बायांच्या ओळी वाकड्या व्हायच्या. बांधीचा मालक येऊन कुरकुर करून गेला. एवढं होऊन मॅडम रोज दुपारी न चुकता हजर. कंबरेला पट्टा, पायाला तेल, तोंडाने "हिशोब बराबर". आणि प्रणाली रोज सकाळी शाळेत, कारण गीताबाईने शब्द दिला होता. वर्गात पाचाच्या वर मुलं नव्हती तरी मॅडमचा आवाज पुन्हा भिंतीपलीकडे ऐकू येऊ लागला.

आठवडा काही उलटला नाही. एका सकाळी गीताबाई शाळेच्या फाटकात उभी राहिली. मागे प्रणाली आणि टोळीतल्या बाकीच्या शाळकरी पोरी, सगळ्या वेण्या घालून, दप्तरं घेऊन. हेडमास्तर ती बंदूक घेऊन धावले. गीताबाईने त्यांना हाताने बाजूला सारलं आणि मॅडमपुढे येऊन हात जोडले. "बाई, ह्या साऱ्या पोरी घ्या. सकाळी रोज धाडतो. पर तुमी आता बांधीत येऊ नोका."

आम्ही स्टाफरूममध्ये टेबलं बडवली. मॅडम मात्र खरोखर रुसल्या होत्या. "अरे, आता कुठे हात बसत होता माझा," असं दिवसभर म्हणत राहिल्या. रविवारी बोलावलं नसताना पुन्हा गेल्या, तेव्हा गीताबाईने त्यांना धुऱ्यावर छत्री रोवून बसवलं. "तुमी इथं बसा अन् शिकवा. हातापरीस तोंड चांगलं चालते तुमचं." त्या रविवारी बांधीत जे झालं ते मला अजून दिसतं. मॅडम धुऱ्यावरून गणित टाकतात, पोरी वाकल्या वाकल्या मनात सोडवतात, उत्तर आलं की ओळ एक पाऊल मागे सरकते. व्यवहारातली गणितं आली की पोरींच्या आधी आयाच उत्तरं देत. नफा-तोट्याच्या गणितात मॅडम दोनदा हरल्या आणि दोन्हीदा खूश झाल्या. मला तर तेव्हा वाटलं, की शाळा उघडली ती फाटकातून नाही, या बांधीतून उघडली.

धान कापणीला आला तेव्हा पाचवी ते सातवीलाही परवानगी मिळाली. पाचवीतल्यांनी तर ही शाळा आतून पाहिलीच नव्हती. एक पोरगा मॅडमकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिला आणि म्हणाला, "तुमी त एवढ्याशाच आहा." मोबाईलवरच्या त्या कपाळावरून त्याने केवढी बाई कल्पली होती कोण जाणे. मॅडमनी त्याला आपल्या शेजारी उभं केलं, उंची मोजली आणि सांगितलं, की वर्षभरात मला मागे टाकशील. पुढे थंडीत आणखी काही दिवस कुलूप लागलं, पण या वेळी कोणी धास्तावलं नाही. उघडल्यावर पोरी आपण होऊन आल्या.

प्रणाली दहावी झाली; गणितात किती मिळाले ते मॅडम गावभर सांगत फिरल्या. त्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मला चार वाक्यंही धड बोलता आली नाहीत, आणि त्याची त्यांनी यथेच्छ टिंगल केली. जाताना एकट्या गेल्या नाहीत. अकरावीला विज्ञान घ्यायचं तर गोंदिया गाठायला हवं, आणि गोंदियात त्यांचं घर होतं. प्रणालीची पेटी त्यांनीच उचलली.

पुढच्या आषाढात आमच्या बांधीचा ठेका गीताबाईने घेतला. मी धुऱ्यावर उभा राहून सहज मोजलं तर बाया नऊच. मी विचारलं, प्रणालीच्या जागी दहावी बाई लावली नाही का? तिने मान वर न करता सांगितलं, की नाही, औंदा ठेकाच नऊ जणींचा घेतला. मी तिथूनच मॅडमना फोन लावला आणि ऐकवलं. तिकडून तो जुना आवाज आला, की रविवारी मी येते, एक जागा रिकामी आहे ना.

गीताबाईचे हात भरलेले होते, म्हणून फोन मीच तिच्या कानाशी धरला.

"नोका येऊ बाई," ती म्हणाली. "तुमी तिकडं तिले पाहा. इकडं ठेका नऊ जणींचा अन् आमी नऊ जणी. हिशोब बराबर."