आधी करणारीचं नाव

लग्नात नवरी नाव घ्यायला उभी राहिली की बाकीच्या बाया पुढे सरकायच्या. इंदूताई दाराशीच उभी राहायची. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून वही उघडायची. उखाणा संपून लोक हसले की हिचा आवाज यायचा, "कुणाचा गं हा?" लाजावं की उत्तर द्यावं, नवरीला कळायचं नाही. एखादी म्हणायची, "माझाच." मग इंदूताईचा आवाज चढायचा. "खोटं बोलू नगंस. हा भाळवणीच्या सखूबाईचा हाय. आधी करणारीचं नाव, मग नवऱ्याचं." भर मांडवात तिच्या तोंडून सखूबाईचं नाव वदवून घ्यायची आणि मगच सोडायची. सासरची माणसं चिडायची. तिला त्याचं काही नव्हतं.

विट्यात एसटी स्टँडच्या मागे तिचा शिवणक्लास होता. नव्वदनंतरच्या त्या चार-पाच वर्षांत मी तिच्याकडे काजं-बटणं करायला बसायचे. उखाणा कुणाचाच नसतो असं सगळ्या बाया धरून चालतात. एकीचा ऐकायचा, नवऱ्याचं नाव बदलायचं, झाला आपला. इंदूताईला ती चोरी वाटायची. तसं तीही दुसऱ्यांच्या उखाण्यांना शेपटं जोडायची. सखूबाईचा होता,

तव्यावरची भाकरी फुगली टम्म,
किसनरावांचं नाव घेते, जरा धरा दम.

इंदूताईनं खालची ओळ बदलली, "रघुनाथराव थापतील पुढची, मी खाते दम." तिचे रघुनाथराव एसटीत कंडक्टर होते, त्यांनी जन्मात भाकरी थापली नव्हती. आम्ही हसून हसून सुया टोचून घेतल्या. पण वहीत तिनं लिहिलं, "वरची ओळ सखूबाईची, खालची माझी." एवढ्यावर थांबली नाही. बदल चालेल का हे विचारायला ती एसटीनं भाळवणीला गेली. सखूबाई म्हणाली म्हणे, "घे की बया, माझं काय जातंय! पर एवढ्यासाठी तिकीट काढून आलीस व्हय?"

मीही उखाणे करायचे. मला ते सुचतात, त्यात कसब काही नाही. इंदूताई म्हणाली, "पारू, ही कला हाय. तू कलावंत बाई हायेस." चौथी शिकलेल्या, काजं करणाऱ्या बाईला तोवर असं कुणी म्हटलं नव्हतं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

माझा नवरा मदुराईला सोनं गाळायच्या दुकानात होता. आमच्याकडची निम्मी माणसं याच धंद्यापायी कुठे कुठे लांब राहतात. बरेच जण दिवाळीला आणि जत्रेला घरी येतात. आमचेही येत, पण त्यांचं तिकडे दुसरं घर होतं. मला ते सहा वर्षं ठाऊक होतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच. शैला बापावर जीव टाकायची. ते येणार म्हटलं की सकाळपासून स्टँडवर जाऊन बसायची.

एका दिवाळीला ते आले नाहीत, पत्र आलं. क्लास सुटला होता. मी आणि इंदूताई दोघीच होतो. पत्र तिनंच वाचून दाखवलं, कारण ते गिचमिड लिहितात. तिकडे मुलगा झाला होता. मी रडले नाही. माझ्या तोंडून निघालं,

सोनं गाळता गाळता खोट येते वर,
बबनरावांचं एक इथं घर, एक तिकडं घर.

इंदूताईचा पाय मशीनवर थांबला. तिचे डोळे भरले. माझा हात धरून ती म्हणाली, "परत म्हण गं." मला वाटलं, माझं दुःख तिला नीट ऐकायचंय. मी परत म्हटला.

दोन वर्षांनी तिनं उखाण्यांचं पुस्तक काढलं. सांगलीला छापलं. प्रत्येक उखाण्याखाली तो करणारीचं नाव आणि गाव, आणि आत नवऱ्याचं नाव जसंच्या तसं. इतर पुस्तकांत नवऱ्याच्या नावाच्या जागी टिंबं असतात. ही म्हणायची, "दुसरीच्या ओळीतला काना हलवायचा मला काय अधिकार?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला क्लासमध्येच साठ-सत्तर बाया जमवल्या आणि पुस्तक शैलाच्या हातात दिलं. "तू वाच. तुझा आवाज खणखणीत हाय."

शैला तेव्हा दहावीत होती. एकेक उखाणा वाचत गेली, खालचं नाव वाचत गेली. ज्या बाईचं नाव निघेल ती पदर तोंडाला लावून हसायची. मग "गमतीचे उखाणे" आले. शैलानं माझा वाचला. बाया खदखदून हसल्या. शैलाही हसली. मग खालची ओळ वाचायला तिनं तोंड उघडलं, "रचना, सौ. पार्वती बबनराव..." आणि थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "आगं, आडनाव वाच की!" तिनं पुस्तक मिटून पाटावर ठेवलं आणि चप्पल न घालता निघून गेली.

घरी मला तिनं एकच विचारलं, "खरं हाय?"

"व्हय."

"इंदूमावशीला ठाऊक हुतं. मला न्हाई."

 

दुसऱ्या दिवशी मी इंदूताईकडे गेले. ती पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती. मला बघून म्हणाली, "शैला लहान हाय, समजंल तिला. गमतीच्यात घातला मुद्दाम, म्हणजे खरं कुणी मानायचं न्हाई."

"कुणी घालाय सांगितला हुता?"

"तुझं नाव दिलंय की खाली! एक अक्षर बदललं न्हाई मी. सगळ्या पुस्तकात तेवढ्या तोलाचा उखाणा न्हाई, पारू."

"सखूबाईला विचारायला तुम्ही भाळवणीला गेला. मी तुमच्यापासनं चार हातांवर बसत हुते. मला का विचारलं न्हाई?"

ती सुतळीची गाठ मारत राहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. म्हणाली, "विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस."

माझी कात्री तिच्याकडे होती. ती उचलली आणि घरी आले.

नवरा उन्हाळ्यात आला. शैलानं त्याला पाणी दिलं नाही. तो मला म्हणाला, "पोरीला काय शिकवून ठिवलंस?" मी म्हटलं, "पुस्तकात आलंय, वाचा." पुढे शैला बारावी झाली, नर्सिंग करून साताऱ्याला नोकरीला लागली. माझ्याशी बोलते. पण काही सांगायचं असलं की आधी माझ्या तोंडाकडे बघते, हिला सांगावं की नको, असं.

इंदूताईचं पुस्तक खपलं. पुढे ती मुलाकडे सांगलीला गेली. तिच्या अंगावरून वारं गेल्याचं कळलं तेव्हा मी जाऊन आले. का गेले, ते मला सांगता यायचं नाही. एक बाजू लुळी पडली होती, बोलणं मात्र कळत होतं. सून चहा ठेवायला आत गेली तशी ती म्हणाली, "पारू, हात गेला. आता लिवायचं भ्या न्हाई तुला. एखादा नवा सांग की गं. लय दिसात चांगला ऐकला न्हाई."

तिच्याकडे बघता बघता मला एक सुचला होता. चांगला होता. दोन्ही ओळी नीट जुळल्या होत्या, आणि तिला कळला असता तसा दुसऱ्या कुणाला कळला नसता.

मी म्हटलं, "आता सुचत न्हाईत, ताई."

तिला ते खोटं वाटलं असावं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी चहा प्याले, कपबशी मोरीत ठेवली आणि विट्याची एसटी धरली. महिन्याभरानं ती गेली. तो उखाणा मी अजून कुणाला सांगितलेला नाही, इथंही लिहिणार नाही.